हौशी बँडसाठी माणसं कशी निवडायची आणि निवडलेली टिकवायची कशी

पुण्यात गिटारवाला शोधावा लागत नाही, एक हाक मारली की चार येतात आणि त्यातले तीन लीडच वाजवणार म्हणतात. शोधावा लागतो तो बेसवाला, आणि त्याहून जास्त शोधावा लागतो तो रविवारी सकाळी दहा म्हटल्यावर दहाला येणारा माणूस, मग तो काहीही वाजवो. मी इथे नोकरी-कॉलेज सांभाळून वाजवणाऱ्या बँडबद्दल लिहितोय, ज्यांचं पोट यावर नाही. चार-पाच जण, हिंदी-मराठी कव्हर्स, मधे स्वतःची दोन-तीन गाणी, वर्षाला सोसायटीचा गणपती, एखादा कॅफे, ऑफिसचा अ‍ॅन्युअल डे, कुणाच्या तरी लग्नातलं संगीत, एवढा पसारा. वाजवता येत नव्हतं म्हणून बंद पडलेला असा बँड मी तरी क्वचितच पाहिलाय. तारखा जुळेनात म्हणून, पैशाचं आधी बोललं नव्हतं म्हणून, किंवा एकाला नुसती मजा करायची होती आणि दुसऱ्याला अल्बम काढायचा होता म्हणून बंद पडलेले मात्र ढिगाने पाहिलेत. त्यामुळे खाली सूर-तालाचं कमी आणि माणसांचं जास्त आहे.

आधी आपलं आपण ठरवा

माणूस शोधायला निघायच्या आधी, बँड काढायचं डोक्यात आलेल्या एक-दोघांनी बसून काही गोष्टी लिहून काढायच्या, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिल्या तरी चालेल पण लिहायच्याच. महिन्यातून किती वेळा भेटायचं. कसली गाणी, आणि त्यासाठी सरळ दहा गाण्यांची यादी, कारण 'आम्ही रॉक वाजवतो' म्हटलं की एकाच्या डोक्यात मेटल सुरू होतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात गॅदरिंगमधलं हिंदी. दर महिन्याला खिशातून किती घालायची तयारी आहे. आणि वर्षभराने काय झालेलं आवडेल: रविवारी तीन तास वाजवून घरी जायचंय, कॅफेत गिग्ज करायच्यात, की स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचीत? तिन्ही उत्तरं बरोबरच आहेत, पण एका बँडमध्ये तिन्ही असली तर सहा-आठ महिन्यांत कुरबुर सुरू होणार हे नक्की. रेकॉर्डिंगवाल्याला वाटतं बाकीचे टाइमपास करतायत, टाइमपासवाल्याला वाटतं हा ऑफिसमधल्या मॅनेजरसारखा मागे लागलाय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

किती जण हवेत, त्याचं गणित

धरून चाला की प्रत्येक जण दहापैकी आठ रविवार मोकळा असतो, नोकरीवाल्या माणसाच्या मानाने हे चांगलंच आहे. दोघांचाच बँड असेल तर दोघंही एकाच रविवारी मोकळे असण्याची शक्यता ६४ टक्के. चौघांची ४१ टक्के. सहा जणांची २६. म्हणजे ५२ रविवारांतून चौघं पूर्ण संख्येने साधारण २१ वेळा भेटतील आणि सहा जण जेमतेम १३-१४ वेळा, आणि यातून गणपती, दिवाळी, लग्नसराई, मार्चएंड अजून वजा केलेलंच नाही! एक माणूस वाढला की आवाज थोडा भरतो पण कॅलेंडर बरंच आक्रसतं. म्हणून सुरुवात चौघांनी करा, फार तर पाच. मित्र आहे, बासरी छान वाजवतो, घेऊन टाकू, असं करू नका, त्याला दोन गाण्यांना पाहुणा म्हणून बोलवा, तोही खूश आणि तुम्हीही.

कमी माणसांत भागवायच्या युक्त्या आहेत. गायकच ऱ्हिदम गिटार धरणारा असला तर एक डोकं वाचतं. कीबोर्डवाल्याचा डावा हात चांगला असला तर बेसवाला मिळेपर्यंत काम चालतं. आणि ड्रमरचा प्रश्न वेगळाच असतो, कारण तो प्रश्न जागेचा आहे. अकूस्टिक ड्रम किट जोरात वाजलं की आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. फ्लॅटमध्ये ते शक्यच नाही, खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच गाण्याला वर येतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. त्यामुळे जॅमरूम, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी सरावाची खोली, परवडणार नसेल तर काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ढोलकी-तबला वाजवणारा बघा, नाहीतर हेडफोन लावून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक किट ज्याच्याकडे आहे असा ड्रमर. ड्रमर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: तू घरी प्रॅक्टिस कशावर करतोस? 'उशीवर' असं उत्तर देणारे बरेच आहेत आणि त्यातले काही चांगले असतात, पण जो फक्त जॅमलाच काठ्या हातात धरतो तो चार महिन्यांनी आहे तिथेच असतो.

शोधायचं कुठे

ओळखीत तर शोधालच. त्यापलीकडे: गिटार-कीबोर्डच्या क्लासचे सर आणि मॅडम, त्यांना प्रत्येक बॅचमधली नियमित येणारी पोरं माहीत असतात आणि 'चांगला कोण' ऐवजी 'नियमित कोण' असंच त्यांना विचारायचं. जॅमरूमचा मालक किंवा तिथे साउंड बघणारा पोरगा, त्याच्यासमोर शहरातले निम्मे बँड भांडलेले असतात, त्याच्याइतकी खरी माहिती कुणाकडेच नसते. पुण्यात असाल तर फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लाइव्ह म्युझिक केलेली मुलं, कॉलेज संपल्यावर त्यांना वाजवायला जागा नसते आणि अंगात शिस्त मात्र आलेली असते. गोव्यात, वसईत, पुण्याच्या कॅम्पात चर्च क्वायरमधली मंडळी, यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्टाफ नोटेशन वाचता येतं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचा आवाज ऐकत गायची सवय असते. ढोल-ताशा पथकातला ताशावाला ड्रम्सवर पटकन बसतो, मनगट तयार असतं, फक्त हळू वाजवायला शिकायला त्याला वेळ लागतो आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने तो तुमचा नसतो हे आत्ताच मान्य करा.

जाहिरात टाकणार असाल तर 'पॅशनेट म्युझिशियन्स हवेत' असं काही लिहू नका, त्याला सगळेच लाइक करतात आणि कुणीच येत नाही. असं लिहा:

'कोथरूड-वारजे भागातल्या बँडला बेस वाजवणारा किंवा वाजवणारी हवी. आम्ही चौघं, वय २५ ते ४०, सगळे नोकरीवाले. नव्वदीतली हिंदी गाणी, थोडं मराठी, स्वतःची दोन गाणी. महिन्यातून तीन रविवार, सकाळी १० ते १, कर्वेनगरच्या जॅमरूमला. जॅमचा खर्च सगळ्यांत समान, डोक्याला ३०० च्या आसपास. गिगचे पैसे फार मिळत नाहीत, मिळाले तर समान वाटणी. बेस स्वतःचा हवा, अ‍ॅम्प नसला तरी चालेल. सोबतच्या तीन गाण्यांपैकी एक मोबाइलवर वाजवून पाठवा.'

भाग, वार, वेळ, पैसे, गाणी, सगळं आलं. हिंजवडीत संध्याकाळी यूएसचे कॉल घेणारा आणि रविवारी झोपणारा माणूस हे वाचून स्वतःच पुढे जातो, तुमचा एक फोन वाचतो. जाहिरातीला हसू नका हं, १९७६ मध्ये डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत लॅरी मलन या १४ वर्षांच्या ड्रमरने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली, त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात पोरं जमली आणि त्यातून पुढे यूटू हा जगप्रसिद्ध बँड झाला.

फोनवरच बरंच कळतं

ऑडिशनला बोलवायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोला, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. राहायला कुठे, शिफ्ट कशी असते, गाडी आहे का, अजून कुठल्या बँडमध्ये आहेस का, सहा महिन्यांत ऑनसाइट किंवा एमएसला जायचं चाललंय का, घरी लहान मूल आहे का. शेवटचा प्रश्न नको नको म्हणून सोडून देतात पण तो मोकळेपणाने विचारलेला बरा, नकार द्यायला नाही तर वेळ ठरवायला: दोन वर्षांचं पोर असलेल्या माणसाला दुपारी दोन ते पाच जमतं, सकाळी दहा जमत नाही.

आणि हमखास विचारायचं: आधीचा बँड का सोडलास? 'वेळ जमेना', 'गाणी आवडेनात' ही चांगली उत्तरं आहेत. आधीच्या तिन्ही बँडमधले सगळेच मूर्ख होते असं ज्याचं म्हणणं आहे, त्याच्या चौथ्या बँडमधले मूर्ख तुम्ही असणार.

ऑडिशन कशी घ्यायची

ऑडिशन हा शब्दच मोठा वाटतो, 'ये, दोन गाणी एकत्र वाजवून बघू' म्हणायचं. पण आठवडाभर आधी दोन गाणी नेमकी सांगायची, कुठलं रेकॉर्डिंग, कुठली पट्टी, सगळं. एक सोपं, एक जरा अडचणीचं. इथे हाताची सफाई बघायची नाहीये, त्याने आठवड्यात गाणं ऐकलं का, स्ट्रक्चर लिहून आणलं का हे बघायचंय. साधं वाजवेल पण दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा तुकडा चार बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) आहे हे ज्याला पाठ आहे तो घ्या. भन्नाट सोलो मारून 'मधलं बघून घेऊ' म्हणणारा प्रत्येक गाण्याचं मधलं तुमच्यावर ढकलणार.

मग ऐन वेळी पट्टी बदला. हे आपल्याकडे फार कामाचं आहे, कारण गायक-गायिका हार्मोनियमवर शिकलेल्या असतात, बाई म्हणते काळी पाच, दादा म्हणतो काळी एक, आणि गिटारवाल्याला जी आणि डी सोडून दुसरं नको असतं. काळी पाच म्हणजे ए शार्प, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी चे शेप वाजवले की झालं. काळी एक म्हणजे सी शार्प, पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे शेप. गिटारवाल्याला हे हिशेब पाठ असायलाच हवेत असं नाही, पण 'तिच्या आवाजासाठी बदलतो, दोन मिनिटं दे' म्हणतो की 'ओरिजिनल स्केललाच मजा आहे' म्हणून वाद घालतो, त्यात तुमचा निर्णय होऊन जातो.

पुढची गोष्ट आवाजाची. एक गाणं मुद्दाम अर्ध्या आवाजात वाजवायला सांगा. ज्याला हळू वाजवताना लय सांभाळता येते तो वादक पक्का, बहुतेकांची हळू वाजवताना लय पडते, ड्रमरची तर पडतेच. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरलेल्या वेगाने क्लिक देणाऱ्या यंत्रावर किंवा अ‍ॅपवर, एक गाणं करून बघा, पण ढोलकीवाला असेल तर त्याला लगेच नापास करू नका, तो आयुष्यभर गायकाकडे बघून वाजवत आलाय, लय थोडी पुढेमागे घ्यायची ही त्याची तालीमच आहे, क्लिकवर यायला त्याला काही आठवडे द्या. तसंच शास्त्रीय शिकलेल्या गायिकेचं: सूर एकदम पक्का, पण चार बार थांबून एंट्री घ्यायची सवय नसते, मोजायला शिकवलं की येते.

शेवटी एक छोटी सूचना करून बघा. 'इथे जरा कमी भर' किंवा 'हा भाग नुसता डाउनस्ट्रोकने करून बघतोस?' एवढंच. चेहरा बघा. मग चहा प्या, अर्धा तास बसा, आणि तिथेही बघा की तो दुसऱ्याच्या वाजवण्याबद्दल काही विचारतो का, की सगळं स्वतःच्या पेडलबोर्डबद्दलच चाललंय. तुम्ही या माणसाबरोबर जॅमपेक्षा जास्त वेळ साउंडचेकची वाट बघत, टेम्पोत सामान भरत आणि रात्री बाराला पावभाजी खात घालवणार आहात.

लगेच 'आलास तू बँडमध्ये' म्हणू नका

पहिल्याच दिवशी सांगून टाका की चार जॅम आणि एखादा छोटा कार्यक्रम एकत्र करू, मग दोन्ही बाजूंनी ठरवू. दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं, त्यालाही तुम्ही आवडायला हवात. मित्र असला तरी हाच नियम, किंबहुना मित्र असला तर नक्कीच, कारण अनोळखी माणसाला 'नाही जमत रे' म्हणता येतं आणि शाळेपासूनच्या मित्राला म्हणता येत नाही, मग त्याचं बेसूर गाणं दोन वर्षं ऐकावं लागतं. चार जॅममध्ये उशिरा किती वेळा, आदल्या रात्री अकराला 'उद्या नाही जमणार' किती वेळा, तयारी कशी, एवढं दिसतंच. एखाद्या वेळी उशीर होतो, चांदणी चौकात कुणीही अडकतं, पण अडकलो असा मेसेज आला की नाही ते बघा. निर्णय झाला की दोन दिवसांत फोन करून सांगा. नकार असला तरी फोन करून, ताटकळत ठेवू नका, शहर लहान असतं आणि तोच माणूस उद्या कुणाच्या तरी कॅफेत साउंड बघत असतो.

पैशाचं पहिल्या महिन्यातच

सगळ्यात जास्त भांडणं इथली. समजा जॅमरूम तासाला ५००, तीन तासांचे १५००, पाच जणांत डोक्याला ३००. आता एक जण आला नाही तर चौघांनी ३७५ द्यायचे का? नियम असा करा की दोन दिवस आधी सांगितलं तर माफ, ऐन वेळी सांगितलं तर न येताही ३०० भरायचे. हे ऐकायला कंजूस वाटतं पण याने न येणं अर्ध्यावर येतं. कॉन्ट्री काढायचं काम एकाच माणसाकडे आणि तो माणूस जॅम बुक करणारा नको, दोन्ही कामं एकाला दिली की तो सहा महिन्यांत वैतागतो.

गिगचे पैसे आले तर आधी टेम्पो, मग भाड्याचं साउंड, मग ठरलेला भाग बँडच्या गल्ल्यात आणि उरलेले समान. १२,००० मिळाले, ३,००० वाहतूक आणि साउंड, उरलेल्या ९,००० मधून २,००० गल्ल्यात, राहिलेले ७,००० पाच जणांत १,४०० प्रमाणे. 'बुकिंग मी आणलं म्हणून मला जास्त' हे चालू शकतं, काही बँड दहा टक्के देतातही, पण ते बुकिंग यायच्या आधी ठरलेलं असावं. ड्रमरचं सामान, येणं-जाणं सगळ्यांपेक्षा जास्त असतं, त्याचा टेम्पो सगळ्यांनी मिळून द्यायचा, त्याच्या वाट्यातून नाही. जिथे ड्रम किट तयार मिळतं तिथे त्याने स्नेअर, सिंबल्स आणि पेडल एवढंच न्यायचं.

सामान शक्यतो एकत्र वर्गणी काढून घेऊ नका. पाच जणांनी मिळून घेतलेला मिक्सर हा बँड मोडताना पाच जणांचा असतो आणि तेव्हा त्याचं काय करायचं कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा मिक्सर एकाने घ्यायचा, माइक दुसऱ्याने, स्टँड-केबल तिसऱ्याने, ज्याचं त्याचं.

टिकवायचं म्हणजे रविवार वाया जाऊ द्यायचा नाही

लोक बँड सोडतात त्यातले निम्मे तरी कंटाळून सोडतात. तासभर ट्रॅफिकमधून यायचं, अर्धा तास केबल शोधायची, मग तेच एक गाणं सात वेळा, मग 'पुढच्या वेळी काय करायचं' यावर चर्चा. हे बदलायला फार काही लागत नाही. गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाका: या रविवारी ही तीन गाणी, या पट्टीत. जॅममध्ये पहिला तास अवघड भागाला, डोकं ताजं असतं तेव्हा, आणि शेवटचा अर्धा तास आधीच बसलेली गाणी सलग, न थांबता, चुकलं तरी पुढे. मोबाइल खोलीच्या मधोमध ठेवून रेकॉर्ड करा आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, मग कुणाला काही सांगावं लागत नाही, ज्याचं त्याला ऐकू येतं. दोघं बोलत असताना तिसऱ्याने गिटारवर टिंगटिंग करायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

आणि तारीख हवी. पुढच्या दोन महिन्यांत काहीतरी, सोसायटीच्या कोजागरीला चार गाणी का असेनात. तारीख नसलेला बँड जानेवारीत 'एकदा भेटू रे' वर येतो.

गाणी निवडताना प्रत्येकाला एक हक्काचं गाणं द्या, आणि प्रत्येकाला एक नकाराधिकार. बेसवाल्याचं हक्काचं गाणं कुणालाच आवडत नसलं तरी ते सेटलिस्टमध्ये राहतं. तो इतर नऊ गाणी तुमच्यासाठी वाजवतोय.

आवाजाची मारामारी हा मोठा विषय आहे. गिटारवाला अ‍ॅम्प वाढवतो, मग कीबोर्ड वाढतो, ड्रमर जोरात मारतो, गायिकेला स्वतःचाच आवाज येत नाही, ती ओरडते, घसा बसतो आणि 'हिला लाइव्ह जमत नाही' असं ठरतं. उलट्या बाजूने सुरू करा: आधी गाण्याच्या माइकचा आवाज तो शिट्टी मारायला लागतो त्याच्या जरा खालपर्यंत न्या, तिथे थांबा, आणि बाकी सगळ्यांनी त्या आवाजाच्या खाली राहायचं. तेवढ्यात ड्रम जड होत असतील तर हॉट रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांची जुडी असलेल्या कमी आवाजाच्या काठ्या, वापरा. इअरप्लग घालायला लाजू नका, अमेरिकेतल्या निओश या सरकारी संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास झेपतो पण १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं, आणि तुम्ही त्यात तीन तास बसता.

बँडमध्ये मुलगी असेल, गायिका असो की ड्रमर, तर काही गोष्टी ती सांगेल याची वाट न बघता करायच्या. रात्रीच्या गिगनंतर ती घरी कशी जाणार हे गिग घेतानाच ठरवायचं. ऑर्गनायझरला कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह विचारायचं. पोस्टरवर तिचाच फोटो मोठा टाकून निर्णय मात्र चौघा मुलांनी रात्री दुसऱ्या ग्रुपवर घ्यायचे, हे तर अजिबात नाही. चांगल्या गायिका बँड सोडतात त्याच्यामागे गाणं क्वचितच असतं.

घरच्यांचंही बघा. ज्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला प्रत्येक जॅमचा पत्ता आदल्या रात्री लागतो तो फार दिवस टिकत नाही. तीन महिन्यांच्या तारखा एकदम ठरवून टाका, म्हणजे तो घरी सांगू शकतो, आणि वर्षातून एकदा सगळ्यांच्या घरच्यांना बोलवून त्यांच्यापुढे वाजवा.

बदली वादक तयार ठेवा

प्रत्येक जागेसाठी एक बदली माणूस माहीत असावा, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. वर सांगितलेला लॅरी मलन, त्याच्याच चिठ्ठीवर उभा राहिलेला बँड, २०२३ मध्ये लास व्हेगसच्या स्फिअरमध्ये वाजवायला गेला तेव्हा तो शस्त्रक्रियेमुळे नव्हता आणि डच ड्रमर ब्राम फान डेन बर्ग त्याच्या जागी बसला. बदली माणसाला उभं राहता यावं म्हणून ड्राइव्हवर एक फोल्डर ठेवा: प्रत्येक गाण्याची पट्टी, टेम्पो, स्ट्रक्चर आणि तुमचं शेवटचं रेकॉर्डिंग. आपल्या माणसांना बाहेर वाजवू द्या, अडवलं तर लपून वाजवतात. नियम एकच, ज्याची तारीख आधी कॅलेंडरवर पडली ती पहिली.

स्वतःची गाणी असतील तर

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचे हक्क वेगळे. हौशी बँडमध्ये याचा विचार कोण करतो, पण गाणं दहा हजार लोकांनी ऐकलं की सगळेच करतात. गाणं पूर्ण झालं त्याच आठवड्यात ग्रुपवर दोन ओळी टाका: शब्द अमक्याचे, चाल अमक्या दोघांची, रेकॉर्डिंगचा खर्च पाच जणांचा. किंवा सरळ सगळं सगळ्यांच्या नावावर. आर.ई.एम. या अमेरिकी बँडने गाणी चौघांच्या नावावरच ठेवली, क्वीन या ब्रिटिश बँडने १९८९ पासून तसं केलं. त्याचा फायदा असा की गाणं निवडताना ते कुणाचं आहे यावरून ओढाताण होत नाही.

काढायचं असेल तर

कधीतरी ही वेळ येते. आधी एकदा स्पष्ट सांगा, आडून नको: 'गेल्या महिन्यात तीनदा ऐन वेळी रद्द केलंस, बाकीच्यांचा रविवार जातो, पुढचा महिनाभर बघू.' टोमणे आणि ग्रुपवरच्या स्माइली याला सांगणं म्हणत नाहीत. त्यानंतरही तसंच राहिलं तर समोरासमोर भेटून, एक किंवा दोघांनी, पाच जण एकाला घेरून नाही. मेसेजवर कधीच नाही. बीटल्सने ऑगस्ट १९६२ मध्ये पीट बेस्टला काढलं तेव्हा ते सांगायचं काम मॅनेजर ब्रायन एपस्टाइनवर टाकलं, बाकी तिघं खोलीत नव्हते, आणि निर्णय संगीताच्या हिशेबाने बरोबर असला तरी ते न येणं लोक आजही काढतात. कारण एकच सांगा आणि खरं सांगा. वाजवणं कमी पडतंय तर तसंच म्हणा, 'आम्ही थोडं थांबतोय' म्हणून महिन्याने नव्या माणसासोबत फोटो टाकलात तर तो दुसऱ्यांदा दुखावतो. गिगच्या आधीच्या आठवड्यात मात्र काही करू नका, गिग होऊ द्या.

स्वतःहून जाणारा

ऑनसाइट, लग्न, बदली, घरातलं आजारपण, लोक जातातच. इंडियन ओशनसारख्या बँडनेही असीम चक्रवर्ती २००९ मध्ये वारले आणि २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले त्यानंतर नव्या माणसांना घेऊन पुढे वाजवलं, तुमच्या कीबोर्डवाल्याच्या बंगळुरूला जाण्याने काही संपत नाही. दोन महिन्यांची सूचना मागा, नोकरीत नव्वद दिवस देतात तर इथे साठ द्यायला हरकत नसते. त्या दोन महिन्यांत त्याच्याकडून प्रत्येक गाण्यातला त्याचा भाग एकट्याचा रेकॉर्ड करून घ्या, व्हिडिओ असला तर उत्तम, बोटं दिसतात. नवा माणूस आला की दोन जॅम दोघांना एकत्र बसवा. गल्ल्याचा हिशेब लिहून पाठवा, त्याची केबल, त्याचा अडॅप्टर, त्याचं स्टँड परत करा. आणि बँडचं यूट्यूब, इन्स्टाग्राम, ड्राइव्ह ज्या ईमेलवर आहे तो पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्या, किंवा मुळात ते सगळं कुणा एकाच्या खासगी जीमेलवर नसलेलंच बरं. नसेल केलं तर आज रात्री बँडच्या नावाचं वेगळं अकाउंट काढा आणि रिकव्हरी नंबर दोघांचे द्या.